शर्यतीआधीच उभारलेला खांब

आमच्या गावच्या अग्निशमन दलाने एखादी आग विझवल्याचं मला आठवत नाही. पण दुसऱ्याच्या यशावर फुकटची दारू प्यायची असली की सगळे गणवेश चढवून हजर.

आमच्या गावची झाल्का स्कीइंगमध्ये जगज्जेती झाली तेव्हा त्यांनी तिच्या आईच्या अंगणात म्लाय उभारला. म्लाय म्हणजे साल सोललेलं उंच झाड, शेंडा तेवढा हिरवा ठेवलेलं. ते रीतीला धरून होतं, जिंकल्यावर उभारतातच. पुढे दोनदा तिचा गुडघा गेला, तेव्हा यांच्यापैकी कोणी वाटीभर सूपही नेऊन दिलं नाही. 'संपली ती,' म्हणत खानावळीत पत्ते कुटत बसले.

यंदाची शर्यत आमच्याच डोंगरावर होती, सगळा स्लोव्हेनिया टीव्हीसमोर बसणार होता. डॉक्टरांनी झाल्काला बजावलं होतं, आता पडलीस तर जन्मभर कुबडी. ती माघार घेणार अशी कुणकुण लागली आणि आदल्या दिवशी भर दुपारी यांनी बँड लावून त्याच अंगणात म्लाय ठोकून दिला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

"पोरी, खांब उभा राहिलाय," दलाचा प्रमुख द्रागो म्हणाला. "आता नाही म्हणालीस तर शेजारच्या गावात आमची छी थू होईल."

"आणि गुडघा कुणाचा जाईल?"

"विंकोला विचार की. बावीस वर्षं तुझ्या स्कींना धार लावतोय."

विंको म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघू लागले. तो गुडघा मला ठाऊक होता. उतरू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. मी टोपी चाचपत म्हणालो, "धार तर झकास लागलीय." माझ्याइतका नेभळट माणूस त्या अंगणात दुसरा नव्हता.

झाल्का तडक गेली आणि लाकडांच्या खोपटातून यांत्रिक करवत घेऊन आली. म्लाय कापायला रात्री चोरून येतात ते शेजारच्या गावचे, त्यांच्यासाठी आम्ही पहारे बसवतो. घरच्याच माणसाने कापल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"सरका," ती म्हणाली.

खांब कुंपण मोडून आडवा झाला. बँडवाले वाद्यं काखोटीला मारून पळाले, द्रागो सगळ्यांच्या पुढे.

"मग उद्याच्या स्कींचं काय करू?" मी विचारलं.

"तुम्हीच घाला, विंकोकाका," ती म्हणाली. "तुमचे गुडघे शाबूत आहेत."