हात काढायचा नाही

नणंदेनं हातमोजा चढवला आणि वहिनीकडे न बघताच म्हणाली, "पाय सैल सोड."

दोन वर्षांत ती वहिनीशी बोलली ते हे पहिलंच वाक्य. भावानं वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा ती वहिनीला तोंडावर म्हणाली होती, तू आमचं घर फोडलंस. तेव्हापासून बोलणंचालणं बंद. आज दुपारी वहिनीची पाणमोट अचानक फुटली, जवळचं हॉस्पिटल नेमकं हेच आणि ड्युटीवरची सिस्टरही नेमकी हीच. आता घ्या!

बाळाचे ठोके मंदावले होते. तिनं तपासायला बोटं आत घातली आणि ती थबकली. डोक्याच्या आधी नाळच खाली उतरली होती. डोकं तिच्यावर दाबलं गेलं की बाळाचं रक्त अडणार. तिनं हात काढलाच नाही. बोटांनी डोकं वर रेटून धरलं आणि चहा मागवावा अशा आवाजात वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, डॉक्टरांना बोलवा, थिएटर तयार ठेवायला सांगा.

"वहिनी, नाळ खाली आलीय. बाळ बाहेर येईपर्यंत मी हात काढणार नाही. कितीही कळ आली तरी तू जोर लावू नकोस."

"सुटला तर?"

"नाही सुटणार."

वहिनीला गुडघ्यांवर ओणवी करून, कपाळ उशीला टेकवून ट्रॉली निघाली. नणंद तशीच वाकून तिच्यामागे, ट्रॉलीवरच. बाहेर बाकावरून आई आणि भाऊ ताडकन उठले, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती? प्रत्येक कळेला डोक्याचा सगळा भार तिच्या बोटांवर यायचा. वहिनीनं उशीचा अभ्रा दातांत धरला, पण जोर लावला नाही. कळ ओसरली की हळूच विचारायची,

"आहे ना?"

"आहे. धडधडतंय."

वहिनीला भूल दिली तेव्हा हे विचारणं थांबलं, आणि नणंदेला पहिल्यांदा भीती वाटली. हिरव्या कापडाखाली ती तशीच वाकून राहिली. वरून डॉक्टर "आलं" म्हणाले आणि बाळ रडलं, तेव्हा कुठे तिनं हात काढला.

संध्याकाळी खोलीत बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. आईनं ते लेकीपुढे धरलं. तिनं उजवा हात खिशातच ठेवला आणि नंतर घेते म्हणाली. झालं, आईचं डोकं फिरलं. आजच्या दिवशी तरी तो हट्ट सोड, या जिवानं तुझं काय घोडं मारलंय, असं बरंच काही ती बोलली. नणंदेची बोटं अजून वळत नव्हती, पण ते सांगायचं म्हणजे उपकार दाखवल्यासारखं झालं असतं.

"राहू द्या, आई," पडल्यापडल्या वहिनी म्हणाली. "तुम्हा सगळ्यांच्या आधी तिनंच धरलंय त्याला."

आई बाळ घेऊन खुर्चीवर बसली. वहिनीनं हात लांबवला, नणंदेचा हात खिशातून बाहेर काढला आणि एकेक बोट चोळू लागली.

"मुंग्या येतायत?"

"येतायत."

"मग बस जरा."

नणंद पलंगाच्या कडेवर टेकली.