पांढऱ्या चौकोनाखालचा जितेश

"काकू, जरा मागे सरका. मानेवर श्वास येतोय."

मनोरमाकाकू सरकल्या नाहीत. विरारच्या त्या टीचभर दुकानात सरकायला जागा तरी कुठे होती! एकीकडे प्रिंटर, दुसरीकडे लॅमिनेशनचं मशीन आणि मधे कौस्तुभ, कपाळाला हात लावून.

घोळ दोघांनी मिळून घातला होता. मागे काकूंच्या मुलीचं, अनुष्काचं लग्न जितेशशी ठरलं, कौस्तुभने पत्रिका तयार केली आणि छापायच्या आत लग्न मोडलं. आता श्रीरंगशी ठरलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "तीच काढ रे. गणपती किती गोड आलाय! फक्त मुलाकडचं बदल." कौस्तुभनेही धंद्यातली आळशी युक्ती केली. पुसत कोण बसतो? जुन्या नावांवर पांढरे चौकोन ठेवले आणि वर नवी नावं टाकली. कागदावर छापलं असतं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पण काकूंनी पत्रिकेची पीडीएफ मागवली. निर्मळच्या देवळात मोबाइल देवापुढे धरला, तिथूनच विहीणबाईंना पाठवली आणि घरी येऊन चष्मा लावून उघडली. फोन जुना, सगळं सावकाश उमटणारा. आधी 'चि. जितेश' दिसलं, मग त्यावर पांढरं चढलं, मग 'चि. श्रीरंग' आलं. काकू तशाच रिक्षात बसल्या.

"पहिलं मोडल्याचं तिकडे सांगितलेलं नाही रे. हे लग्नही हातचं गेलं तर?"

"मग पाठवलेली पुसून टाका ना."

"पुसलं की पुसल्याचं दिसतं! काय पुसलं म्हणून विचारतील. आधी चांगली पाठवते, मग ती पुसते. विहीणबाई दुपारच्या झोपल्यात, चहाला उठायच्या आत कर."

कौस्तुभने शोधात 'जितेश' टाइप केलं. सापडलं नाही. माउसने पकडायला जावं तर दर वेळी झेंडूचं तोरण हातात. एक पांढरा चौकोन उचलला, खाली जुना हॉल निघाला. दुसरा उचलला, तर जितेशचे आजोबा. रंग काढून नुसत्या रेषा दिसतील असं केलं, तर झेंडूच्या पाकळ्यांनी पडदा भरून गेला. स्वतःच रचलेल्या पत्रिकेत त्याला एक माणूस सापडेना. वैताग आला नुसता.

"माझ्या फोनला दिसतो, तुझ्या एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरला दिसत नाही?"

"काकू, प्लीज!"

आणि मग त्याची ट्यूब पेटली. तेव्हाची पत्रिका जुन्या फाँटातली. ती अक्षरं डोळ्याला मराठी, कॉम्प्युटरला मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नावाने हाका मारून जितेश जन्मात ओ देणार नव्हता. कौस्तुभने शोधातून नाव काढलं, नुसता फाँट ठेवला आणि चुकून हलू नयेत म्हणून कुलूप लावलेले थरही धुंडाळायला सांगितले. पडदा टुणकन तोरणामागे गेला. तिथे बसला होता जितेश, चिरंजीव होऊन. कौस्तुभने त्याला आजोबा आणि हॉलसकट उडवला आणि काकूंकडून नवी पीडीएफ पाठवली.

काकू जुनी पुसणार तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन आला. घाबरून काकूंचा अंगठा स्पीकरवर पडला.

"मनोरमाताई, दुसरी कशाला पाठवली? पहिली पाहिली मी. ते जितेशचं दिसलं, पण असू द्या हो. अनुष्काने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. आमच्या श्रीरंगचंही एक ठरून मोडलेलं, ते तिला माहीत आहे. मला वाटलं, तुम्हाला बोलली असेल."

"हो हो, बोलली ना," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कौस्तुभने सुटकेचा निःश्वास टाकून पंखा वाढवला. काकूंचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता.

"पाहिलंस? एवढी मोठी गोष्ट लपवली आमच्यापासून! काय माणसं असतात एकेक!"

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी ठाण मांडून बसल्या.

"कौस्तुभ, श्रीरंगची ती आधीची मुलगी कोण होती, ते तुझ्या या शोधात सापडेल का रे?"