झाकणाखालचा कागद

मी एक काचेची बरणी बोलतेय. माझी पहिली नोकरी कॉफीची. कॉफी संपल्यावर आत्यांनी मला धुऊन फळीवर ठेवलं. आत्या कुठलीही वस्तू टाकत नाहीत. सल्ले तेवढे जवळ ठेवत नाहीत, लगेच वाटून टाकतात.

त्यांच्या भाच्याची बायको, आमची सूनबाई, शिवणकाम करते. मध्यंतरी तिचं मन कशातच लागेना. गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड करायची आणि दुसरा हातात धरून तासभर बसून राहायची.

आत्यांनी पिवळ्या फुलांचा वाळलेला पाला आणला आणि माझ्यात भरला. पुड्यात बारीक अक्षरांचा एक कागदही होता. माझं झाकण सैल होतं, म्हणून आत्यांनी कागदाची चौघडी करून झाकणात कोंबली. सगळ्या सूचना माझ्या तोंडात, आणि तोंड गच्च बंद!

"रोज दोन चमचे उकळून घे. दोन कशाला, तीन घे. पालाच आहे. बकरी काय चमचा मोजून खाते?"

"बकरीला उदास वाटतं का हो, आत्या?"

"खाते म्हणूनच वाटत नाही!"

पंधरा दिवसांनी सूनबाई डॉक्टरीणबाईंकडे गेली. आत्याही गेल्या, मला पिशवीत घालून. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी कुणाला गरज पडली तर?

"सध्या दुसरं काही औषध चालू आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सूनबाईने पिशवीकडे पाहिलं. पण आत्या आधीच बोलल्या, "छे हो! साधी गोळीसुद्धा घेत नाही ती."

आत्या खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्या घरात औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन नाहीतर कडू बाटली. माझ्यात होता तो नुसता पाला.

डॉक्टरीणबाईंनी उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या. सूनबाई त्या माझ्या काढ्याबरोबर घेऊ लागली. चौथ्या दिवशी दुपारी शिवताना तिला कापरं भरलं, दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. दोरा सुईत जाईना.

"थांब, आणखी एक चमचा उकळते," म्हणत आत्यांनी माझं झाकण उघडलं. कागद मशीनवर पडला. टाके मोजणाऱ्या सूनबाईच्या नजरेला बारीक अक्षरांचं काय भय! तिने वाचलं: 'उदासीच्या गोळ्यांसोबत घेऊ नये. इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.'

"आत्या, चमचा ठेवा. गाडी बोलवा."

दवाखान्यात मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषध विचारलंत. हा पाला आहे," आत्या म्हणाल्या.

"याचा गुण येतो ना?"

"येतो म्हणजे? हमखास!"

"मग हे औषधच झालं."

आत्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे सरकवलं, सोबत एकही सल्ला न देता. असं मी प्रथमच पाहिलं.

सूनबाईला दोन दिवस ठेवून घेतलं. काढा बंद झाला. गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरीणबाईंनी ठरवलं; आपल्या मनाने ना सुरू, ना बंद. महिन्या-दीड महिन्याने पँटचे दोन्ही पाय सारखे होऊ लागले.

आता माझ्यात बटणं असतात. तो कागद सूनबाईने माझ्या पोटावर बाहेरून चिकटवलाय. परवा आत्या स्वतःच्या गुडघ्यासाठी गेल्या, तेव्हा म्हणे "काय काय चालू आहे?" या प्रश्नावर त्यांनी चहापासून दंतमंजनापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई कंटाळल्या, पण लिहून घेतलं.

तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण असेल. तिला पाला म्हणा, काढा म्हणा, मी रागावणार नाही. डॉक्टरांनी विचारलं की तिचं नाव मात्र घ्या. ती बिचारी स्वतः कशी सांगणार? तिच्या तोंडात कागद असतो.