लंगड्या गाढवाचं पान

माझा मेहुणा कुलूपवाला. हाताला यश असं, की एकदा तो बँकेसमोर नुसता शिंकला तर आतल्या तिजोरीचं दार उघडलं. मॅनेजरने रुमाल पाठवला आणि सोबत निरोप, की सर्दी बरी होईपर्यंत पलीकडच्या फुटपाथने जावं. खोटं वाटत असेल तर रुमाल अजून माझ्याकडे आहे.

त्याला सगळे खटका म्हणतात. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. तिच्यात खटका, त्याची मोठी बहीण, म्हणजे आमची ही, आणि तीन हजार जुन्या किल्ल्या. गिऱ्हाईक कुलूप बदलून घेतं, जुनी किल्ली इथेच सोडून जातं आणि ही ती जपून डब्यात टाकते. डब्यांपायी खटका बावीस वर्षं उभ्यानेच कानस चालवतोय. बिचाऱ्याला हवी होती एक खुर्ची.

"ताई, या किल्ल्यांची कुलपंसुद्धा मेली गं!"

"मग? तुझं काय खातात त्या?"

"जागा!"

तशात आमच्या मुलीने मामाच्या फोनवर पत्त्यांचा एक खेळ घालून दिला. आपला नेहमीचा नव्हे. यात दहा फालतू पानं घेऊन कैदेतली राणी सोडवायला निघायचं. वाटेत लढाई जिंकली की नवं पान मिळतं, असा आपला कॅट आपणच जमवायचा. पण हातात एका वेळी पाचच पानं येतात, त्यामुळे खरी अक्कल पान घेण्यात नाही, टाकण्यात. कॅट जितका बारीक, तितकं कामाचं पान लवकर हाती. म्हणून दर मुक्कामी शेकोटी असते. तिच्यात एक पान कायमचं जाळता येतं.

"भावोजी," खटका मला म्हणाला, "हा खेळ बनवणाऱ्यालाही मोठी बहीण असणार."

त्याने जाळण्याचा सपाटाच लावला. गंजकी तलवार, जाळ. भित्रा शिपाई, जाळ. एकच पान जाळवेना: लंगडं गाढव. ते लढायचं नाही, नुसतं पाचातली एक जागा अडवून बसायचं. पण हातात आलं की आपल्या आयुष्यातलं एक वाक्य सांगायचं. 'मी पूर्वी गाढव नव्हतो.' पुढच्या खेपेला, 'माझं घर होतं, निळ्या दाराचं.' त्यापुढे, 'तिने दार लावून घेतलं, ते माझ्यामुळेच.' आणि गप्प!

ही 'ती' कोण, यापायी खटका एकसष्ट वेळा हरला. हरला की डाव पहिल्यापासून, गाढवाची गोष्ट मात्र थांबली तिथून पुढे. गिऱ्हाइकं त्याच्या खांद्यावरून वाकून विचारायची, "आलं का हो गाढव?" एक बाई किल्ली हरवली म्हणून आल्या आणि चार दिवस तिथेच राहिल्या. घरच्यांना वाटलं, कुलूप फारच अवघड दिसतंय.

शेवटी आमची ही कडाडली. "रविवारपर्यंत राणी सोडवून दाखव. सोडवलीस तर किल्ल्या भंगारात. नाहीतर खुर्चीचं नाव काढायचं नाही!"

रविवारी दुपारी खटका शेवटच्या मुक्कामी पोचला. पुढे बारा हातांचा पहारेकरी. हाताशी अकरा पानं, त्यातलं एक गाढव. शेकोटी पेटलेली.

"जाळ रे," मी म्हणालो, "खुर्ची मिळेल."

"भावोजी, पण ते आत्ताच म्हणालं, 'त्या दाराची किल्ली मी...'"

"मी काय?"

"तेवढंच!"

ही डब्यांवर हात ठेवून उभी. खटक्याने डोळे मिटले आणि गाढव शेकोटीत लोटलं.

मग काय, चार फटक्यांत पहारेकरी आडवा. तोफा वाजल्या, राणी बाहेर आली. खटका फोनवरच ओरडला, "बाई, तुमचं दार निळं होतं का?" राणी म्हणाली, 'आभारी आहे.' त्याने घाईघाईने नवा डाव मांडला, तर गाढवाच्या जागी धडधाकट घोडा. घोड्याला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

सोमवारी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर. खटक्याचं तोंड सुतकी. त्याने पहिला डबा उचलला, वरची किल्ली चिमटीत धरली. ठेंगणी, दात झिजलेले. ती हातगाडीवर टाकणार, तोच हात हवेत थबकला.

"ताई... ही कुणाची गं?"

"ती होय? दातांच्या डॉक्टरची. बायकोने कुलूप बदलून घेतलं, तरी हा रोज संध्याकाळी जाऊन जुनी किल्ली लावून बघायचा. आणि एक दिवस..."

"एक दिवस काय?"

"हात धू आणि जेवायला चल. बाकीचं उद्या."

खटका डबा छातीशी धरून उभा राहिला. भंगारवाल्याने हातगाडी बाजूला लावली. "उद्या किती वाजता, ताई?"

याला तीन वर्षं झाली. सध्या नववी किल्ली चालू आहे. आणि हो, खुर्ची आली. आत मावत नाही म्हणून फुटपाथवर ठेवली आहे. तिच्यावर भंगारवाला बसतो.