मिझुओरीचं पाचवं घर

गाव मरायला शतकं लागतात. त्यासाठी दुष्काळ पडावे लागतात, लढाया व्हाव्या लागतात, नदीला आपला मार्ग बदलावा लागतो. मिझुओरी मरायला मात्र टॅबलेटवर ‘निर्जन’ या शब्दावर बोट ठेवणं पुरेसं होतं, आणि भानुदासचं बोट त्या शब्दाच्या वर अर्ध्या इंचावर होतं.

“इतक्या लांबून आलात, चहा तरी घ्या,” मागून आवाज आला.

तो दचकून वळला. पाठीत काटकोनात वाकलेली एक म्हातारी उभी होती. काखेत कागद अडकवायची चिमट्याची फळी.

“मी नगरपालिकेच्या कामासाठी...”

“माहीत आहे. घरं बघायला. मी हारा. बघा की, सगळे आहेत.”

एक्कावन्न वर्षांचा भानुदास योकोहामातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चौदा वर्षं इतरांच्या चुका तपासत आला होता. या डोंगरातल्या नगरपालिकेच्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये चढवायच्या होत्या. कागदावर मिझुओरीत सात घरं. त्यांतल्या किती घरांत खरोखर माणसं राहतात, हे कोणीतरी जाऊन बघायला हवं होतं, आणि ऑफिसातल्या इतर सर्वांना त्या दिवशी महत्त्वाची कामं निघाली होती. पाचापेक्षा कमी घरं राहती निघाली, तर हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी खालच्या पुलावरूनच परत फिरणार होती. पुलापासून गावापर्यंत तीन किलोमीटरचा चढ, आणि जानेवारीत बर्फ पुरुषभर.

“दोन घरांची छपरं पडलीत, ती सोडा,” हारा-सान म्हणाल्या. “उरली पाच.”

त्या पुढे चालू लागल्या. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना देवदार गच्च उभे होते. ही सगळी भातखाचरं होती, त्यांनी सांगितलं. युद्धानंतर सरकार म्हणालं देवदार लावा, लाकडाला मागणी आहे. झाडं वाढेपर्यंत मागणी गेली. त्याआधी घरोघरी रेशमाचे किडे. पानं खायला लागले की पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. देवळाची घंटा युद्धात तोफांसाठी नेली.

“परत देणार होते. पावती आहे माझ्याकडे.”

पहिलं घर मोरी-सानांचं. दारात रबरी बूट, दोरीवर पुरुषाचा बनियन.

“मोरी-सान कुठे आहेत?”

“आळंबी काढायला गेलाय.”

“वय?”

“ब्याण्णव.”

“ब्याण्णव, आणि डोंगरात?”

“म्हणून तर वेळ लागतो त्याला.”

दुसऱ्या घरी ॲप्रन वाळत होता, मालकीणबाई दवाखान्यात गेल्या होत्या. तिसऱ्या घरी विजार. मालक नुकतेच बाहेर पडले होते. चौथं घर हारा-सानांचंच. भानुदास फोटो काढत होता आणि प्रत्येक फोटोत त्याला एकच गोष्ट दिसत होती: डावीकडे दोन चिमटे, उजवीकडे एक. चारही घरी.

फोन वाजला. रणजित, वयाने सतरा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने दोन पायऱ्या वर.

“भानुदास-सान, झालं का? पाचला फ्रीझ आहे, मग नोंदी बदलता येणार नाहीत. क्लायंट डोक्यावर बसलाय.”

“बघतोय.”

“अहो, बघताय काय? सॅटेलाइटवर नुसतं जंगल दिसतंय. झीरो टाका आणि चार-वीसची बस पकडा. आणि नीट भरा हां. गेल्या महिन्यात एकाने न बघता भरलं, त्याचं काँट्रॅक्ट गेलं.”

“म्हणजे बघू की नको?”

“बघा ना. बघून झीरो टाका.”

हारा-सान त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मराठीतला ‘झीरो’ त्यांना बहुधा कळला होता. भानुदासने त्यांच्या काखेतली फळी मागून घेतली. ही फळी त्याला ओळखीची होती. तिच्यावरच्या नगरपालिकेच्या सूचना वाचायच्या, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारच्या घरी द्यायची. तो राहायचा त्या ओजिमातल्या इमारतीतही ती फिरे. शेजारचा सुरेश पुण्याला गेला की त्याचा शिक्का भानुदासच मारी. अर्थात न वाचता.

आज त्याने वाचली. ‘शुक्रवारी तपासनीस येतील. दारातली पादत्राणं व वाळत घातलेले कपडे पाहून घर राहतं आहे की नाही हे ठरवण्यात येईल.’ खाली सात शिक्के. सातही डावीकडे किंचित कललेले.

“हे शिक्के...”

“ज्याचे त्याचेच आहेत.” त्यांनी ॲप्रनच्या खिशातून बिस्किटांचा छोटा डबा काढून खुळखुळवला. “जाताना माझ्याकडे ठेवून गेले. मोरी खाली वृद्धाश्रमात आहे. मला ओळखत नाही आता. बाकीचे लेकांकडे.”

“आणि त्यांचे कपडे तुम्ही धुता?”

“धुवायलाच लागतात. न धुतलेले वाळत कोण घालतं?”

पावणेचार वाजले होते. पाचव्या घरासमोर बूट होते, दोरी होती. दोरीवर काही नव्हतं.

हारा-सान थबकल्या. दोरीकडे बघितलं, मग खाली दरीकडे. एक निळा शर्ट खूप खाली झुडपाला लटकलेला होता.

“सकाळी होता,” त्या म्हणाल्या. “इंडिया-सान, मी सकाळी वाळत घातला होता.”

“खाली पडलेला बघितला मी.”

“मग काय लिहिणार?”

भानुदासने टॅबलेट जमिनीवर ठेवला. अंगातला स्वेटर काढला. सोनलने, त्याच्या बायकोने, निघताना बळेच घालायला लावलेला. तो दोरीवर टाकून त्याने चिमटे लावले. डावीकडे दोन, उजवीकडे एक.

हारा-सान जरा मागे सरकून बघत राहिल्या.

“कोरडा दिसतोय,” त्या म्हणाल्या, आणि दारातल्या पिंपातलं ओगराळंभर पाणी त्यांनी त्यावर ओतलं.

भानुदासने फोटो काढला. ‘राहती घरं: पाच.’ पाठवलं. मग ऑक्टोबरच्या गारठ्यात नुसत्या शर्टावर तो बससाठी पुलाकडे धावत सुटला. मागे वळून बघितलं तेव्हा हारा-सान कमरेत आणखी वाकून, नमस्कार करत उभ्या होत्या.

बसमध्ये रणजितचा मेसेज आला: “पाच? खरंच?”

“बघून टाकलंय,” त्याने उत्तर दिलं. दात वाजत होते.

त्या हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी रोज सकाळी पुलावरून वर, मिझुओरीच्या पाचव्या घरापर्यंत गेली. हारा-सान नोव्हेंबरातच मुलाकडे उरायासु शहरात राहायला गेल्या होत्या.