सर्व्हरात न मावलेली कलमं

परवापासून जामसंड्याच्या आंबा बागायतदार संस्थेत बाहेरची एकही मेल येत नव्हती. आनंदीकाकी मात्र रोज येत होती.

"इली काय गो, माझ्या तन्वीची मेल?"

"अजून नाय, काकी," कॉम्प्युटरसमोरून संचिता म्हणायची.

लेकीने, तन्वीने, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा काकीनेच तिच्याशी बोलणं तोडलं होतं. आता पश्चात्तापाने तिला घास गोड लागत नव्हता. तन्वीने आंब्यासाठी संस्थेचा मेलचा पत्ता विचारून घेतलाय, असं शेजारच्या सरलाने सांगितल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. हंगाम तर संपत आलेला.

संस्थेचे कॉम्प्युटर संचिता सांभाळायची. इंटरनेट ठणठणीत, डिस्कवर जागा भरपूर, तरी सर्व्हर प्रत्येक मेलला 'थोड्या वेळाने या' म्हणून परत लावत होता. शेवटी त्याच्या नोंदी वाचता वाचता तिने कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती.

इकडची माणसं एकवेळ पाहुण्याचं नाव विसरतील, कलमाचं, म्हणजे आंब्याच्या झाडाचं, नाही. विहिरीवरलं, सुनेचं, वाघ बसलेलं. पेटी कुठल्या कलमाची हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं, असा सगळ्यांचा हट्ट. म्हणून संचिताने गिऱ्हाइकांना जाणाऱ्या मेलच्या माथ्यावरच्या छुप्या ओळींत, म्हणजे हेडरांत, दर कलमाच्या नावाचा वेगळा हेडर केला होता. सर्व्हर हेडरचं प्रत्येक नवं नाव डेटाबेसमध्ये कायमचं टिपून ठेवतो, आणि त्याला मर्यादा असते. ती सारी जागा पंचक्रोशीतल्या कलमांनी अडवली होती. आता बाहेरची मेल एखादा अनोळखी हेडर घेऊन आली, की तिला थारा नाही.

"नावां काढून टाक गो, नंबर घाल," अध्यक्ष दत्तप्रसाद वैतागले.

"माझ्या तन्वीचा नाव काढतलंस?" काकीचा आवाज चिरकला. पोर जन्मली तेव्हा लावलेल्या कलमाला तिने पोरीचंच नाव दिलं होतं.

"नाव रवतला, काकी."

संचिताने सगळ्यांसाठी 'कलम' असा एकच हेडर ठेवला आणि नावं त्याच्यापुढे मजकुरात घातली. जुन्या डेटाबेसमधली नावं पुसता येईनात, म्हणून नवा कोरा डेटाबेस करून मेलची सगळी खाती तिकडे हलवली. बाहेर ताटकळलेल्या मेली एकेक करून आत येऊ लागल्या.

एक तिने मोठ्याने वाचली. "तन्वीच्या कलमाची एक पेटी पाठवावी." खाली तन्वीचा पुण्याचा पत्ता. आईबद्दल अवाक्षर नव्हतं.

दत्तप्रसादांनी कुरियरवाल्याला फोन लावला. काकीने डोळे पुसले.

"कुरियर नको. पत्तो कागदार लिवन दी," ती म्हणाली. "पेटी मीच घेवन जातलंय."