चिमाजीची थप्पी

सारोळ्याच्या पुलापलीकडं सरबताचा कारखाना आहे. तिथं चिमाजीनं एकोणीस वर्षं खोकी रचली. बाटल्यांनी भरलेलं खोकं सरकत्या पट्ट्यावरून उचलायचं, पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, थरावर थर लावायचे, सहा थर झाले की दुसरं पॅलेट ओढायचं. कमरेनं दोनदा दगा दिला, पण त्याची थप्पी कधी कलली नाही.

दिवाळीनंतर रोबो आला. एकच लांबलचक पिवळा हात, चार खोकी एका दमात उचलणारा. आठ जणांच्या टोळीतले पाच घरी गेले. त्यात चिमाजीचा जोडीदार गेनूही होता. चिमाजीला झाडलोटीवर ठेवलं. आणि रोबो चालवायला कंपनीनं भोरच्या आयटीआयमध्ये शिकलेली पोरगी घेतली. ती त्याचीच सून, प्रेरणा.

घरात भांडण झालं नाही. चिमाजी तिच्याशी बोलेनासा झाला, एवढंच. भोंगवलीहून ती स्कूटीवर जायची, तो एसटीनं.

तिसऱ्या आठवड्यात रोबोच्या थप्प्या कलायला लागल्या. एक तर फोर्कलिफ्टनं उचलताच कोसळली, ड्रायव्हर थोडक्यात वाचला. पुण्याहून इंजिनिअर आला, दोन दिवस खटपट करून गेला. फरक पडला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना प्रेरणानं विचारलं, "मामंजी, तुमी थप्पी कशी लावायचा?"

चिमाजी भाकरी मोडत राहिला. सांगितलं तर कामावर परत बोलावतील ही गेनूची उरलीसुरली आशाही जायची. न सांगावं, तर उद्या कुणाच्या तरी डोक्यात खोकी पडायची.

"खालचे चार थर कोपऱ्यावर कोपरा," तो शेवटी म्हणाला. "खोक्याचं समदं बळ कोपऱ्यात असतंय. वरचे दोन तेवढे फिरवून लावायचे, भिंतीतल्या इटांवानी. मग ते एकमेकाला धरून राहत्यात. तुझा रोबो पहिल्या थरापासनंच फिरवतोय. म्हून खालचं दबतंय आन् वरचं घसरतंय."

"उद्या उभं राहताल का माज्यापाशी?"

"राहीन."

दुसऱ्या दिवशी प्रेरणानं मशीनला नवे थर शिकवले. चिमाजीनं दोनदा तिची चूक दाखवली. दुपारपर्यंत फोर्कलिफ्ट थप्प्या बिनघोर नेऊ लागली. मॅनेजरनं पाठ थोपटली तेव्हा चिमाजीला बरं वाटलं, आणि गेनूही आठवला.

संध्याकाळी तो स्कूटीवर तिच्या मागं बसला. सारोळ्यात चहाच्या टपरीवर गेनू दिसला. चिमाजीनं गाडी थांबवायला लावली.

"चालतंय का तुमचं मशीन?" गेनूनं विचारलं.

"चालतंय. थप्पी कशी लावायची ते म्याच सांगितलं."

गेनूनं चहाचा घोट घेतला. प्रेरणा मान खाली घालून उभी होती.

"बरं केलंस," गेनू म्हणाला. "कुणाच्या अंगावर पडलं असतं." मग टपरीवाल्याला त्यानं आणखी दोन चहा सांगितले.